मनातला भाव

वैशाखाच्या उन्हात त्रिरश्मीचा डोंगर चढून तुम्ही वर येता. पायथ्याशी मुंबई-आग्रा महामार्ग नाही, ट्रकांचे भोंगे नाहीत, लांबवर नाशिकच्या इमारती नाहीत. तुम्ही साधारण एकोणीसशे वर्षं मागे आला आहात. क्षहरात क्षत्रप नहपानाचं राज्य चालू आहे आणि लेखांमध्ये या सालाची नोंद ४२ अशी होणार आहे. तुमच्या अंगावर चीवर आहे, हातात भिक्षापात्र. लेण्याच्या ओसरीत पाऊल टाकलं की तापलेल्या तळव्यांना एकदम गारवा लागतो. घंटेच्या आकाराच्या शीर्षांचे खांब, त्यांवर बसलेले प्राणी, आणि आतल्या भिंतीशी एक पाथरवट छिन्नीने अक्षरं खोदतो आहे. दगडाच्या भुकटीने त्याच्या भुवया पांढुरक्या झाल्या आहेत.

अक्षरं ब्राह्मी, भाषा प्राकृत. तुम्हाला वाचता येतं, म्हणून तुम्ही त्याच्या खांद्यावरून वाचता. नहपानाचा जावई उषवदात याने हे लेणं संघाला दिलं आहे आणि सोबत ३००० कार्षापणांची अक्षयनीवी ठेवली आहे. मुद्दल कधी मोडायचं नाही, व्याज तेवढं वापरायचं. पैसा गोवर्धनच्या श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघटनांकडे, ठेवला आहे: २००० विणकरांच्या एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि १००० दुसऱ्या विणकर श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. हे सगळं निगमसभेत वाचून दाखवलं, फलकावर नोंदवलं, आणि आता दगडात येतं आहे. ते गोवर्धन आजही नाशिकच्या पश्चिमेला गंगापूरच्या वाटेवर आहे.

तुम्ही मनात गणित करता. दोन हजारांवर महिन्याला २०, वर्षाला २४०. या लेण्यात वर्षावासाला राहणारे भिक्षू २०, प्रत्येकाला चीवरासाठी १२ कार्षापण. वीस गुणिले बारा, बरोबर २४०. एक नाणंही उरत नाही, एकही कमी पडत नाही. उरलेल्या हजारावर वर्षाला ९० येतात, ते कुशाणमूल नावाच्या वेगळ्या खर्चाला बांधलेले आहेत. इतका चोख हिशेब खडकात कोरून ठेवणाऱ्या माणसाबद्दल मला खरोखर आदर वाटतो. दान देऊन तो निघून गेला नाही. दान दरवर्षी कुठून येईल, किती जणांना पुरेल आणि कशावर खर्च होईल, हे त्याने ठरवून दिलं.

पण त्या विसांपैकी एक तुम्ही आहात, आणि तुमचं चीवर अजून चांगलं आहे. पुढचे दोन पावसाळे ते सहज काढेल. तुम्हाला त्रास आहे तो टाचांच्या भेगांचा. भिक्षूला औषध म्हणून ज्या पाच गोष्टी घ्यायला मुभा आहे, त्यांत तेल आहे. बारा कार्षापणांतले चार तेलाला मिळाले असते तर बरं झालं असतं, असा विचार तुमच्या मनात येतो.

ओसरीच्या कडेला बसा. जमिनीवरच्या भुकटीत बोटाने एक उभी रेघ ओढा आणि तिच्या पायाशी एक आडवी. उभ्या रेघेवर कापड मोजा, हातांमध्ये. आडव्या रेघेवर तेल, पळ्यांमध्ये. आता स्वतःला विचारा: बारा हात कापड आणि चार पळ्या तेल मिळालं, तर मी किती समाधानी असेन? किती हा प्रश्न सोडून द्या, त्याला उत्तर नाही. दुसरा प्रश्न विचारा, त्याला उत्तर आहे: आणखी एक पळी तेल मिळणार असेल, तर किती कापड सोडलं तरी माझी तक्रार नसेल? तुम्ही म्हणता, तीन हात. म्हणजे नऊ हात कापड आणि पाच पळ्या तेल तुम्हाला तेवढंच चालेल. पुढच्या पळीसाठी किती सोडाल? आता तेलाची निकड थोडी कमी झाली आहे, कापड थोडं कमी उरलं आहे, म्हणून दोनच हात. सात आणि सहा. त्याच्या पुढच्या पळीला एकच हात. सहा आणि सात. चारही ठिकाणी बोटाने ठिपके द्या आणि जोडा. रेघ आधी तीव्र उतरते, मग सौम्य होते, कोपऱ्याकडे पोट काढून वाकते. विद्यापीठाच्या पुस्तकांत हिला समवृत्ती वक्र म्हणतात. तिच्यावर कुठेही उभं राहिलात तरी तुम्हाला सारखंच. तिच्या वर आणखी एक रेघ आहे, त्याच्याही वर आणखी एक. वरची प्रत्येक रेघ खालचीपेक्षा बरी, आणि कोणत्याही दोन एकमेकींना छेदत नाहीत. छेदल्या, तर एकच वाटा एकाच वेळी कमी आणि जास्त आवडतो असं म्हणावं लागेल.

त्या रेघेचा उतार म्हणजे तुमच्या मनातला भाव: एका पळीला तीन हात, मग दोन, मग एक. शेजारच्या खोलीतल्या म्हाताऱ्या भिक्षूला विचारा, त्याचं उत्तर वेगळं येईल, कारण त्याला थंडी बाधते. वीस भिक्षू म्हणजे वीस वेगळे उतार.

बाजारातला भाव मात्र सगळ्यांना एकच. या भिंतीवर त्याचाही पुरावा आहे. आदल्या वर्षी, साल ४१, कार्तिकी पौर्णिमेला उषवदाताने देवांना आणि ब्राह्मणांना ७०,००० कार्षापण दिले, त्याची नोंद करताना लेखात सोन्याचा भाव दिला आहे: एका सुवर्णाला ३५ कार्षापण, म्हणजे २००० सुवर्ण. या भावाला राजाचा जावई आणि गोवर्धनचा विणकर यांत फरक नाही. बारा कार्षापणांत किती कापड आणि किती तेल येतं हेही असंच बाजार ठरवतो, आणि भुकटीत त्याची एक सरळ रेघ निघते. पुस्तकात ती किंमत रेषा. तुम्ही त्या सरळ रेघेवर पुढेमागे सरकत राहता, आणि जिथे ती तुमच्या सगळ्यांत वरच्या वाकड्या रेघेला नुसती स्पर्श करते तिथे थांबता. त्या जागी तुमच्या मनातला भाव आणि बाजारातला भाव एक होतात. दोघांना वेगवेगळं आवडत असूनही बाजारातून परत येताना म्हातारा भिक्षू आणि तुम्ही शेवटच्या पळीची किंमत सारखीच मानत असता. त्याने जास्त कापड घेतलेलं असतं, तुम्ही जास्त तेल. हीच या सिद्धांताची सगळ्यांत सुंदर गोष्ट, असं मला वाटतं.

पाथरवट चीवर हा शब्द पुरा करतो आणि तुमची सरळ रेघ पुसली जाते. बारा कार्षापण कापडासाठीच आहेत. तेलाच्या रेघेवर तुम्हाला सरकता येत नाही. इथे तिसरा भाव येतो, देणाऱ्याचा, आणि त्यात अदलाबदल शून्य. उषवदाताचं चुकलं, असं मी म्हणणार नाही. संघाला कापड कमी पडू नये याची त्याला काळजी होती. पण वाटा देताना त्याने एक गोष्ट स्वतःकडे ठेवली, ती म्हणजे त्या वाट्याचा उतार.

आता मोठी उडी. वाटेत फार थांबू नका, चार ठिकाणी नजर टाका. १८८१, इंग्लंड: फ्रान्सिस एजवर्थ ‘मॅथेमॅटिकल सायकिक्स’ या लहानशा पुस्तकात पहिल्यांदा असे वक्र मांडतो आहे, आणि त्याच्या उदाहरणातली जोडी आहे रॉबिन्सन क्रूसो आणि फ्रायडे. एका बाजूला मालकाने द्यायची मजुरी, दुसऱ्या बाजूला मजुराने द्यायचं काम. १९०६: विल्फ्रेडो पॅरेटो दाखवतो की समाधान मोजायची गरजच नाही, कोणतं जास्त आवडतं एवढा क्रम पुरेसा आहे. १९१५: कीव्हमधला युजीन स्लुट्स्की महागाईचे दोन परिणाम वेगळे करतो, त्याचं काम पुढे लागेल. १९३४: लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये जॉन हिक्स आणि रॉय ॲलन हे सगळं एकत्र बांधतात आणि ‘इकॉनॉमिका’ या नियतकालिकात दोन भागांत छापतात. त्याच संस्थेने अकरा वर्षांपूर्वी, १९२३ मध्ये, रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधासाठी भीमराव रामजी आंबेडकर यांना डी. एस्सी. दिली होती.

तुम्ही थांबता ते लंडनमध्ये नाही. २ मार्च १९३०, पंचवटी. अस्पृश्यांना मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून निघालेली मैलभर लांब मिरवणूक काळाराम मंदिराकडे सरकते आहे आणि तुम्ही तिच्यात आहात. धक्काबुक्की नाही, शिस्तीत रांगा. पुढे डॉ. आंबेडकर आहेत, सत्याग्रहाची जमवाजमव करणारे भाऊराव गायकवाड आहेत, ज्यांना पुढे सगळे दादासाहेब म्हणणार. मंदिराचे दरवाजे बंद आहेत. मिरवणूक वळून गोदाकाठी जाते, तिथे सभा होते, आणि दुसऱ्या दिवसापासून दरवाजांपुढे स्त्री-पुरुषांच्या तुकड्या बसतात. तुमच्या शेजारी बसलेली बाई आपल्या गावाहून पायी आली आहे. तिच्या पदराला भाकरी बांधलेली आहे.

या दारापाशी बसून ती भुकटीतली रेघ पुन्हा आठवून पाहा. समवृत्ती वक्राखाली एक गृहीत दडलेलं असतं: काहीही थोडं कमी झालं, तर दुसरं काहीतरी थोडं जास्त देऊन माणसाची भरपाई करता येते. कापड गेलं तर तेल, तेल गेलं तर कापड. आता उभ्या रेघेवर मंदिराचं उघडं दार मांडा आणि आडव्या रेघेवर धान्य, पैसा, जमीन, जे मांडायचं ते. शेजारच्या बाईला विचारा: किती धान्य मिळालं तर दार बंद राहिलेलं चालेल? ती तुमच्याकडे बघतसुद्धा नाही. इथे वक्र निघतच नाही. ठिपका असतो, पण त्याच्या तोलाचा दुसरा ठिपका कुठेच सापडत नाही.

अर्थशास्त्राला ही जागा माहीत आहे. शब्दकोशात आधी पहिलं अक्षर बघतात, ते सारखं असलं तरच दुसरं; काही माणसांच्या पसंतीचा क्रमही तसाच असतो. अशा क्रमाला कोणत्याही आकड्यांच्या मापात बसवता येत नाही, हे १९५४ मध्ये जेरार्ड दब्रू याने सिद्ध केलं. पाठ्यपुस्तकांत ही गोष्ट अपवाद म्हणून एका परिच्छेदात उरकतात. नाशिकच्या माणसाला ती अपवाद वाटू नये. त्याच्या शहरात हजारो माणसं उन्हातान्हात बसून हेच सांगत होती.

रामनवमीला तडजोडीचा प्रयत्न झाला. रथ दोन्ही बाजूंच्या लोकांनी मिळून ओढायचा असं ठरलं होतं. ऐन वेळी ते मोडलं, रथ पळवला गेला, दगडफेक झाली. म्हणजे समोरच्या बाजूला एवढीशी अदलाबदलसुद्धा मान्य नव्हती. सत्याग्रह पुढे काही वर्षं अधूनमधून चालू राहिला. १९३४ च्या मार्चमध्ये आंबेडकरांनी गायकवाडांना पत्र लिहून तो थांबवावा असं कळवलं, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यात, येवल्याला, धर्मच सोडण्याचा निर्णय जाहीर केला. जिथे भाव ठरूच शकत नाही तो बाजार त्यांनी सोडला.

पुढचा मुक्काम १९७३ चा उन्हाळा, सिन्नर तालुका. पाऊस हुकला आहे, आणि तो पहिल्यांदा हुकलेला नाही. विहिरींचे तळ दिसतात. तुम्ही पाझर तलावाच्या कामावर आहात, डोक्यावर घमेलं, पायात काही नाही. मस्टरवर तुमचा अंगठा आहे. त्या मे महिन्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवरच्या मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या घरात गेली आहे, तुम्ही त्यांतल्या एक. रेशनला अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी मिळते, तिला सगळे मिलो म्हणतात. कामावर सुकडी वाटतात, गोडसर कोरडं खाणं. घरात बाजरी औषधाला उरलेली नाही.

दुपारची सुटी होते. बाभळीखाली बायका गाठोडी सोडतात. मिलोची भाकरी थापताना कड फाटते, गार झाली की दगड होते. तुमच्या सासूबाई घरी आहेत, त्यांना दात नाहीत. सुकडी पाण्यात कालवली की त्यांना खाता येते. तुमच्या शेजारी बसलेल्या मावशींना तीन वाढती पोरं आहेत आणि त्या पोरांना पोट भरायला काहीतरी जड लागतं.

“मावशी, सुकडी द्याल का थोडी? आत्याबाईंना भाकर चावत नाही.”

“देईन की. मिलो किती देशील?”

“ओंजळीला दोन ओंजळी.”

“दोन नको, तीन दे. गोड म्हणून पोरं खात्यात तिला, पण रात्री उठून भाकर मागत्यात.”

तुम्ही मनात म्हणता, मी चार दिल्या असत्या. मावशींना दोनही परवडल्या असत्या, हे तुम्हाला माहीत नाही. तीनवर जमतं. ओंजळी मोजून पदरात पडतात.

या क्षणी थोडं थांबा, कारण समवृत्ती वक्रांचा सगळा सिद्धांत या बाभळीखाली घडून गेला. सकाळी होतं त्याहून एक दाणाही जास्तीचा आलेला नाही. ट्रक आला नाही, मजुरी वाढली नाही. तरी तुम्ही आणि मावशी, दोघीही आपापल्या वरच्या रेघेवर गेलात. तुमच्या मनातला भाव ओंजळीला चार होता, त्यांच्या मनातला दोन. भाव वेगळे होते म्हणून सौदा जमला, आणि दोन आणि चार यांच्या मधला कोणताही आकडा दोघींना चाललाच असता. एजवर्थने क्रूसो आणि फ्रायडे यांच्या सौद्यात दाखवलं ते हेच. फरक एवढाच की इथे मालक आणि मजूर नाहीत, दोन मजूर बायका आहेत, आणि कुणाच्याही हातात दुसरीचं मस्टर नाही. बरोबरीच्या माणसांमधला सौदा असा असतो.

आता उलट्या बाजूने बघा. सुकडी सगळ्यांना सारखी मिळाली, मिलोही कार्डाप्रमाणे. वाटणाऱ्याच्या कागदावर ते न्याय्यच होतं. त्या सुकडीने त्या वर्षी किती लेकरं तगली हे कुणी विसरू नये, मी तरी विसरणार नाही. पण कागदावर माणशी एक उतार धरला होता, तो उष्मांकांचा. माणूस उष्मांक खात नाही, भाकरी खातो. आणि भाकरीला चव असते, कडा असतात, दात लागतात. सरकारने सोडलेली ती फट बायकांनी बाभळीखाली बसून भरून काढली.

संध्याकाळी तुम्ही बाजारात डोकावता. बाजरी आहे, पण भाव ऐकून हात मागे येतो. स्लुट्स्कीने वेगळे केलेले दोन परिणाम आता तुमच्या पिशवीत दिसतात. बाजरी मिलोच्या मानाने महाग झाली, म्हणून तुम्ही मिलोकडे वळता: हा पर्यायता परिणाम. आणि बाजरी महागल्यामुळे तुमची सगळी मजुरीच आखूड झाली, तुम्ही आणखी गरीब झालात: हा उत्पन्न परिणाम. गरीब झालेलं घर काय सोडतं? आधी भाजी, मग डाळ, मग गूळ. पोट भरणारं जे सगळ्यांत स्वस्त, तेच जास्त घेतलं जातं. आल्फ्रेड मार्शल याने १८९५ च्या आवृत्तीत लिहून ठेवलं होतं की अगदी गरिबांच्या घरी भाकरीचा भाव वाढला तर भाकरीच जास्त खाल्ली जाऊ शकते, कारण मांस परवडेनासं होतं. ही कल्पना त्याने रॉबर्ट गिफेन यांच्या नावावर मांडली. शंभराहून अधिक वर्षं ती पुस्तकातच होती. २००८ मध्ये रॉबर्ट जेन्सन आणि नोलन मिलर यांनी चीनच्या हुनान प्रांतातल्या गरीब घरांत, तांदळाच्या बाबतीत, ती प्रत्यक्ष दाखवली. सिन्नरच्या बाईला तिचा अर्थ समजावून सांगावा लागला नसता.

१९८३. येवल्याकडचं एक गाव, जानेवारी. दारात एक माणूस उभा आहे, काखेत लांबलचक तक्ता. राष्ट्रीय नमुना पाहणीची ही ३८ वी फेरी. तो ओट्यावर बसतो, पाणी पितो आणि विचारू लागतो: गेल्या तीस दिवसांत घरात बाजरी किती लागली? ज्वारी? गहू? तेल? गूळ? विकत किती, घरची किती? तुम्ही आठवून आठवून सांगता. बाजरी भरपूर, कारण थंडी आहे आणि बाजरी उष्ण. नुकतीच भोगी झाली, तिळाच्या भाकरी केल्या. हाच माणूस मे महिन्यात आला असता तर तुम्ही ज्वारी सांगितली असती. माणसं तीच, पगार तोच, भाव थोडेफार तेच, पण वक्राचं तोंड ऋतूबरोबर फिरलेलं असतं. पाहणी वर्षभर टप्प्याटप्प्याने घेतात ती एवढ्यासाठीच.

तो निघून जातो. तुमची उत्तरं ग्रामीण महाराष्ट्रातल्या ५६३ गावांतल्या ५६३० घरांच्या उत्तरांत मिसळतात. १९९६ मध्ये शंकर सुब्रमणियन आणि अँगस डीटन त्यांवर एक निबंध छापतात. डीटन यांना २०१५ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या निबंधातला एक निष्कर्ष असा की दिवसभराच्या कामाला लागणारे उष्मांक दिवसाच्या मजुरीच्या पाच टक्क्यांहूनही कमी पैशांत मिळत होते. अर्थात फक्त सगळ्यांत स्वस्त भरड धान्य खाल्लं तर. दुसरा निष्कर्ष मला जास्त महत्त्वाचा वाटतो. घरात थोडा जास्त पैसा आला की खाण्यावरचा खर्च वाढतो, पण त्या वाढीतला सुमारे अर्धाच भाग जास्त उष्मांकांवर जातो. उरलेला अर्धा त्याच उष्मांकांना जास्त किंमत मोजण्यात जातो: बाजरीऐवजी कधी गहू, थोडं दूध, थोडी साखर, भाजीत तेल.

शहरात बसून हा आकडा वाचणारे काही लोक म्हणतात, अजून पोटं भरलेली नाहीत आणि हे चवीवर खर्च करतात. या म्हणण्याची मला चीड येते. तुम्ही त्या ओट्यावर बसला आहात, तुम्हाला ठाऊक आहे की दिवाळीला गव्हाची पोळी केली तेव्हा काय हिशेब केला होता. तुमच्या मनातला भाव होता, तो तुम्ही बाजारातल्या भावाला लावून पाहिला आणि जिथे दोन्ही जुळले तिथे थांबलात. गरिबाच्या पसंतीला अज्ञान म्हणणारा माणूस आपली रेघ दुसऱ्याच्या भुकटीत ओढत असतो.

आता आजचं वर्ष. रेशन दुकानासमोरची रांग. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातल्या माणशी महिन्याला ५ किलो धान्य ठरवलं. तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये, भरड धान्य १ रुपया किलो. १ जानेवारी २०२३ पासून ते फुकट झालं. ई-पॉस यंत्रावर तुम्ही अंगठा ठेवता, यंत्र कागद टाकतं. पिशवीत गहू आणि तांदूळ पडतो. तुम्ही पेठ किंवा सुरगाण्याचे असाल तर तांदूळ तुमच्या ताटातलाच आहे, सोबत नागली घरची. नांदगाव किंवा येवल्याचे असाल तर हिवाळ्यात तुम्हाला बाजरी हवी असते, आणि तांदूळ तुमच्या वक्रावर कुठेतरी खालच्या टोकाला पडून असतो. एकाच जिल्ह्यात, एकाच कायद्याखाली, तोच पाच किलोचा वाटा कुणाला जास्त पोचतो, कुणाला कमी.

यावर सोपं उत्तर तयार असतं: धान्याऐवजी रोख द्या, ज्याला जे हवं ते तो घेईल. पुस्तकातल्या आकृतीत हे लगेच सिद्ध होतं. तेवढ्याच किमतीचे पैसे दिले की किंमत रेषा पुढे लांबते आणि माणूस वरच्या वक्रावर जातो. चंडीगड आणि पुद्दुचेरीत २०१५ पासून धान्याऐवजी बँक खात्यात पैसे दिले जाऊ लागले. पण तुम्ही सिन्नरच्या बाजारातून हात मागे घेऊन आलेल्या आहात. भाव चढले की रोखीची रेषा आत सरकते, पाच किलो मात्र पाच किलोच राहतात. दुकान लांब असलं, बँक लांब असली, पैसा घरातल्या कुणाच्या हातात पडतो हे वेगळं असलं, तर आकृती बदलते. म्हणून रोख की धान्य हा वाद मला अर्धवट वाटतो. कायद्यातच भरड धान्याचा रकाना आहे. त्या रकान्यापर्यंत माणसाचा हात पोचू द्यावा, पाच किलोंच्या आत त्याला सरकता यावं, आणि दर महिन्याला वेगळं सांगता यावं. यंत्र अंगठा ओळखतं, तर एक प्रश्नही विचारू शकतं.

शेवटची उडी थोडी पुढची आहे, दोन-चार वर्षांची. नोव्हेंबर, येवला तालुका, तीच रांग. अंगठा ठेवल्यावर यंत्राच्या पडद्यावर तीन चौकोन येतात आणि दुकानदार मान वर करून विचारतो, “आजी, काय देऊ?”

“थंडी पडली ना. सगळी बाजरीच दे. चैताला गहू घेईन.”

मागे उभी असलेली सून पुढे होते. “माझ्या कार्डावर दोन किलो तांदूळ घाला. पोरांना डब्याला खिचडी लागते.”

दुकानदार दोन वेगळ्या पिशव्या भरतो, आणि पुढचा अंगठा यंत्रावर येतो.